ईस्टरच्या पहाटे रडू आलं तर

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४६. माहेर पारोळ्याकडचं, हिंदू, वडील माळकरी. २२ वर्षांपूर्वी त्यांनी सोबत नोकरी करणाऱ्या एका ख्रिस्ती तरुणाशी लग्न केलं, आई लग्नाला आली नाही. पुढे ताईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. गेल्या दिवाळीनंतर पती हृदयविकाराने अचानक गेले. मुलगा पुण्यात शिकतो, मुलगी सातवीत आहे. चर्चमधल्या बहिणी म्हणतात, 'रडू नका, ते प्रभूजवळ आहेत, आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे. अश्रू म्हणजे अविश्वास.' पतीचे रावेरकडचे एक केळीबागायतदार मित्र म्हणाले, 'वहिनी, केळीचं खोड कापलं तरी बुंध्याशी पील उभं राहतंच, पोरांकडे बघा.' चर्चच्या पाळकसाहेबांनी ईस्टरच्या, म्हणजे येशू मरणातून उठला त्या सणाच्या, पहाटेच्या उपासनेत बायबलमधलं वचन वाचायला सांगितलं आहे. मुलगा म्हणतो, मी ईस्टरला येणार नाही. मुलगी विचारते, 'पप्पापण उठणार ना? कधी?' आणि ताईंच्या आईला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जावयाच्या नावाने घागर भरायची आहे. घरात आता कोणी पतीचं नावही घेत नाही. ताई रोज सकाळी पतीची मोटारसायकल पाच मिनिटं सुरू करून ठेवतात, शेजारी हसतात. 'कधी कधी वाटतं, आपणही लवकर त्यांच्याकडे जावं,' असंही त्यांनी लिहिलं आहे. त्यांचा प्रश्न: माझा विश्वास खोटा आहे का?

ताई,

शेवटची ती ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, मी तिथूनच सुरुवात करते. नवरा गेलेल्या बाईच्या तोंडी हे वाक्य नवं नाही, माझी आजीही म्हणायची. पण गेलेल्या माणसाची ओढ वेगळी आणि जगणंच नकोसं होणं वेगळं. रात्र रात्र डोळा लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं हा विचार मनात घर करून बसला असेल, तर हे सदर बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. प्रार्थना चालू राहू द्या, तिच्या जोडीला हा फोनही करा. आणि जवळच्या एका तरी माणसाला हे आजच्या आज सांगा.

आता रडण्याचं.

पाळकसाहेबांनी दिलेलं वचन योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातलं आहे असं तुम्ही लिहिता. तो अध्याय एकदा घरी एकटीने, मोठ्याने वाचा. अजून अंधार आहे. येशूची शिष्या मरीया मग्दालिया त्याच्या कबरेशी येते, तर तोंडावरची धोंड बाजूला झालेली. ती धावत जाऊन दोघा शिष्यांना आणते. ते येतात, आत डोकावतात आणि घरी निघून जातात. ती जात नाही. बाहेर रडत उभी राहते. आतले देवदूत विचारतात, बाई, का रडतेस? ती मागे वळते, तर येशू उभा असतो, आणि तोही तेच विचारतो. दोनदा तोच प्रश्न. 'रडू नकोस' असं त्या बागेत तिला एकदाही कोणी म्हणत नाही.

मला त्या प्रसंगात सर्वांत खरं वाटतं ते तिचं उत्तर. हा बागेचा माळी असावा असं तिला वाटतं. आपल्या बोलीत सांगायचं तर ती म्हणते, दादा, तुम्ही त्याला इथून हलवलं असेल तर कुठे ठेवलंय तेवढं सांगा, मी घेऊन जाते. आता एकटी बाई एका पुरुषाचं प्रेत उचलणार कशी आणि नेणार कुठे? तिने हा हिशेब केलेलाच नाही. दुःखात माणूस असा हिशेब करत नाही. तुम्ही रोज सकाळी त्यांची मोटारसायकल पाच मिनिटं सुरू करून ठेवता. 'बॅटरी उतरू नये म्हणून' हे कारण शेजाऱ्यांना सांगायला ठीक आहे. मरीयेला ते सांगावं लागलं नसतं.

मग तो तिला नावाने हाक मारतो. एवढंच. समजावणं नाही, उपदेश नाही, फक्त 'मरीये'. आणि ती ओळखते.

तुमच्या घरात आता कोणी त्यांचं नाव घेत नाही, हे वाचून मला वाईट वाटलं ते यामुळेच. घरातल्यांना वाटतं, नाव काढलं तर तुम्हाला त्रास होईल. सुरुवात तुम्हीच करा. भाजी करताना, 'यांना ही भाजी बिनमिठाची लागायची' इतकं जरी म्हणालात तरी पोरांची जीभ मोकळी होईल.

चर्चमधल्या बहिणींच्या मनात वाईट नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. त्या म्हणतात ते बहुधा प्रेषित पौलाच्या एका वचनावरून. थेस्सलनीका नावाच्या शहरात नव्याने विश्वास ठेवलेल्या लोकांची माणसं वारली होती आणि मागे राहिलेल्यांना तुमच्यासारखाच घोर लागला होता, आपल्या माणसांचं आता काय? पौल त्यांना लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. त्यातलं 'शोक करू नका' एवढंच उचलायची आपल्याकडे सवय पडली आहे. आधीचं 'त्यांच्यासारखा' गळलं की वचनाचा अर्थच उलटतो. आशा असलेल्या माणसाचाही शोक असतो, फक्त तो वेगळा असतो, असं तो म्हणतोय.

मार्थाचंच बघा. तिचा भाऊ लाजर गेला तेव्हा सिद्धान्त तिला तोंडपाठ होता. शेवटच्या दिवशी पुनरुत्थानात तो उठेल हे मला ठाऊक आहे, असं ती येशूला सांगते. ठाऊक होतं, तरी घर सुतकातच होतं. आणि जो पुढच्या काही मिनिटांत लाजराला कबरेतून हाक मारणार होता, तो स्वतः तिथे रडला. वचन अवघं दोन शब्दांचं आहे, 'येशू रडला.' अश्रू म्हणजे अविश्वास असेल, तर त्या दिवशी लाजराच्या गावी, बेथानीत, अविश्वासी कोण ठरतो, हे बहिणींना विचारून बघा. (नका विचारू. ऐन सणात भांडण होईल.)

तुमच्या प्रश्नामागे एक गृहीत आहे, त्याला मला हात लावायचा आहे. ईस्टरच्या पहाटे साडेपाचला मनात आनंद हजर पाहिजे, नाहीतर विश्वास खोटा, असं तुम्ही धरून चालला आहात. पहिल्या ईस्टरला तो कोणाच्या मनात हजर होता? मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या शतकातल्या ज्या दोन थोर जुन्या प्रती आज आपल्याकडे आहेत, त्या दोन्हींत गोष्ट तिथेच संपते जिथे बायका कबरेपासून थरथरत पळतात आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर येशूला डोळ्यांनी पाहूनही काहींना संशय आला. थोमा या शिष्याला विश्वास ठेवायला आठ दिवस लागले. अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघं शिष्य न ओळखता उठलेल्या येशूशीच चालत बोलत होते आणि म्हणत होते, आम्हाला आशा होती. होती! आणि चर्चच्या पंचांगातही ईस्टर एका सकाळचा नाही. पन्नासाव्या दिवसापर्यंत, पेंटेकॉस्टपर्यंत तो काळ चालतो. तुम्हाला पाचच महिने झालेत. तुमचा ईस्टर पुढच्या वर्षी आला तरी तो उशिरा आला असं मी म्हणणार नाही.

माझंही सांगते. मी जन्माने ख्रिस्ती, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत वाढले. शेजारची अँग्लो-इंडियन आंटी ईस्टरला आम्हा पोरांना साखरेची रंगीत अंडी द्यायची, आणि दुपारपर्यंत ती उकाड्याने हाताला चिकटायची. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, पण तो रविवारी जेवढा घट्ट असतो तेवढा मंगळवारी नसतो.

त्या अंड्यांवरून आठवलं. सणाला मोबाइलवर जी चित्रं फिरतात त्यांत ट्युलिप, ससे, बर्फ वितळून आलेलं हिरवं गवत असतं. वाचणाऱ्याला वाटतं, ईस्टर म्हणजे वसंताचा सण. पण २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा त्याचा साधारण हिशेब. म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधला कुठला तरी रविवार, आपल्याकडच्या फाल्गुनी नाहीतर चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठचा. पौर्णिमा का, तर येशूला क्रुसावर दिलं ते यहुद्यांच्या वल्हांडणाच्या दिवसांत, आणि तो सण पौर्णिमेचा. आपल्या खान्देशात तेव्हा पारा चाळिशी ओलांडायच्या बेतात असतो आणि काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा असतात. त्या रानात काही उगवत नसतं. मला आपला ईस्टर जास्त प्रामाणिक वाटतो तो यामुळे. वसंत दरवर्षी येतो. मेलेलं झाड पालवतं असं सांगायचं असतं तर रिकाम्या कबरेची गरजच नव्हती.

आणि इथेच तुमच्या रावेरच्या भाऊंची केळी येते. त्यांनी मायेने सांगितलं, आणि बागेपुरतं ते खरंही आहे. घड उतरला की खोड कापतात, बुंध्याशी राखलेलं पील वर येतं, पुढची पीलबाग त्यावर उभी राहते. पण पील म्हणजे ते खोड नव्हे. ज्या झाडाने घड दिला ते गेलं. तुमचा मुलगा तुमच्या नवऱ्याचं पील नाही. तो एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा आहे, त्याचाही बाप गेला आहे आणि त्याच्या डोक्यावर आता बापाची जागा भरून काढायचं ओझं येतंय. तो घरी यायला का टाळतो याचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं.

ख्रिस्ती आशा नेमकी इथे वेगळी आहे. वंश चालू राहील, आठवण राहील, आत्मा कुठेतरी तरंगत राहील, यातलं काहीच ती सांगत नाही. आपण दर रविवारी विश्वासांगीकारात 'शरीराचे पुनरुत्थान' म्हणतो, इतक्या सवयीने की शब्द कानावरून घसरतात. तेच माणूस, त्याच्या देहासकट, नवं होऊन. उठलेल्या येशूने थोमाला हाताच्या जखमा दाखवल्या. उठल्यावरही त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. म्हणजे जो गेला तोच परत आला. तुम्हाला पीलाने समाधान होत नाही, पोरांकडे बघून पोकळी भरत नाही, म्हणून तुम्ही स्वतःला दोष देता. मी उलट म्हणेन, तुम्ही आशा बरोबर समजला आहात. तुम्हाला दुसरं काही नको आहे, तोच माणूस हवा आहे, आणि वचनही त्याच माणसाबद्दल आहे. ते अजून पुरं झालेलं नाही, म्हणून रडू येतं.

आता मुलीचा प्रश्न. तो सगळ्यांत सरळ आहे, उत्तरही सरळ द्या. तिच्या कानावर शेजारून 'आत्मा अमर असतो' येतं, आजोळहून 'पुढचा जन्म' येतो, मैत्रिणीकडून 'पप्पा तारा झाले' येतं आणि चर्चमध्ये 'प्रभूमध्ये निजले'. या सगळ्यांची तिच्या डोक्यात खिचडी झाली असणार. मी असं काही बोलले असते: 'हो, पप्पा उठणार असा आपला विश्वास आहे. येशू आधी उठला, म्हणून आपण वाट बघतो. कधी, ते मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. पण ते दुसरं कोणी होऊन नाही, आपले पप्पा म्हणूनच. तोवर ते देवाच्या हाती आहेत. आणि मला त्यांची फार आठवण येते. तुला?' शेवटचा प्रश्न विसरू नका, तिला बहुधा त्याचंच उत्तर द्यायचं आहे. कसल्या देहाने उठतील, असं तिने पुढे विचारलं तर? करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना हाच प्रश्न पडला तेव्हा पौलाने आधी विचारणाऱ्याला मूर्ख म्हटलं आणि मग पेरलेल्या दाण्याचं उदाहरण दिलं: पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते त्याहून निराळं. दाण्याचं सांगा, मूर्ख म्हणू नका.

ज्या वाचकांच्या घरात याहून लहान मुलं आहेत, मग घर कुठल्याही धर्माचं असो, त्यांनी दोन वाक्यं टाळावीत. 'बाबा झोपलेत' म्हटलं की मूल रात्री झोपायला घाबरतं. 'देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून त्याने नेलं' म्हटलं की मूल देवाला घाबरतं, आणि चांगलं वागायलाही.

घागरीचं मात्र मी दोन दिवस मनात घोळवलं. आईचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत: 'मन्हा जवाईले पानी कोन देई?' ज्या बाईने या जावयाच्या लग्नात पाऊल ठेवलं नव्हतं, ती आज त्याच्या तहानेची काळजी करते आहे. एवढ्या उन्हात घागर भरून, वर डांगर आणि सांजोरी ठेवून ती त्याचं नाव घेणार. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात. तुमच्या विश्वासाप्रमाणे गेलेल्या माणसाला आपण पाणी पोचवावं लागत नाही, आणि मलाही तसंच वाटतं. पण तुम्हाला काय वाटतं हा एक प्रश्न, आणि आईने तिच्या घरात काय करावं हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. पाळकसाहेबांनीही नाही.

तुम्ही जावं का? मी जाईन. पूजेला हात लावणार नाही, आईला ते आधी शांतपणे सांगेन, आणि मग तिच्याजवळ बसून मांडे आणि आमरस खाईन. पौलाने ज्या पत्रात पुनरुत्थानावर एवढा मोठा अध्याय लिहिला, त्याच पत्रात आधी म्हटलं आहे की विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढ्यात येईल ते खा. पुढच्याच ओळीत तो सावधही करतो: हे अर्पण केलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका. तेव्हा नैवेद्याच्या आधी माझं ताट वेगळं वाढून ठेव, असं आईला सांगा. ती ठेवेल. तुमच्या मनाला तरीही टोचत असेल तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी जा. पण आईला 'तुझं हे सगळं खोटं' असं सुनावून येऊ नका. तिला २२ वर्षं लागलीत इथवर यायला.

मुलाला चर्चला बोलावू नका, घरी बोलावा. 'उपासनेला ये' आणि 'मला एकटीला सण निभावत नाही, घरी ये' यांत फरक आहे. तो आला आणि पहाटे अंथरुणातच राहिला तर राहू द्या.

वाचनाचं तुम्ही ठरवा, पण 'हो' आणि 'नाही' यांच्यामध्येही काही वाटा आहेत. पाळकसाहेबांना आत्ताच सांगा की शेजारी दुसरं एक माणूस तेच पान उघडून उभं असेल, माझा आवाज अडकला तर ते पुढे वाचेल. अध्याय सगळा वाचायची गरज नाही; अकराव्या वचनापासून, म्हणजे ती बाहेर रडत उभी राहिली तिथपासून सुरू करा. तिथे तुम्हाला रडू आलं तर ते वाचनाला शोभूनच दिसेल. नाही जमलं तर मागच्या रांगेत, दाराजवळ बसा. 'प्रभू उठला आहे' असं चर्चची मंडळी म्हणेल तेव्हा 'खरोखर उठला आहे' हे उत्तर तुमच्या तोंडून नाही आलं तरी चालतं. शेजारचे म्हणतात तेवढ्यावर त्या दिवशी भागतं, मंडळी असते ती एवढ्यासाठीच.

आणि ज्या मंडळींत यंदा असं कोणी आहे त्यांच्यासाठी: वचन पाठवू नका, डबा पाठवा. भेटायला गेलात तर गेलेल्या माणसाचं नाव घेऊन एखादी आठवण सांगा. गर्दी पहिल्या तेरा-चौदा दिवसांत असते, सहाव्या महिन्यात कोणी फिरकत नाही. तेव्हा जा.

एक शेवटचं. पहाटेच्या उपासनेनंतर सगळे कबरस्तानात जातात, फुलं, मेणबत्त्या, फोटो. त्या गर्दीत तुम्हाला उभं राहवणार नाही. शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर पोरांना घेऊन जाऊन या, किंवा रविवारी सगळ्यांच्या आधी, अंधारातच. पौर्णिमा होऊन फार तर आठवडा झालेला असतो, त्यामुळे त्या पहाटे चंद्र आकाशात असतो, बॅटरी लागत नाही. माझी आजी अशीच जायची, हातात पाण्याचा तांब्या. आजोबांच्या कबरेवर ते पाणी ओतून हाताने माती सारखी करायची. पाळकांनी एकदा हटकलं, बाई, हे काय? ती म्हणाली, काही नाही, माती तापते. तुम्हालाही न्यावंसं वाटलं तर पाणी घरूनच न्या, एप्रिलमध्ये आपल्याकडे कबरस्तानातल्या नळाचा भरवसा नसतो.